रिॲक्शन दिसते सगळ्यांना, कागदावर मात्र येत नाही

मेडिसिन वॉर्डातली रात्र. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी उलट्यांसाठी दाखल आहे. संध्याकाळी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलंय, उलट्या थांबल्यात. रात्री अकराच्या सुमाराला आई धावत सिस्टरांकडे येते. पोरीची मान एका बाजूला वळून घट्ट बसलीय, डोळे वर गेलेत, जीभ जड झालीय. पण ती शुद्धीत आहे, सगळं ऐकतेय. नातेवाइकांत कुजबुज सुरू होते, कुणाला 'बाहेरचं' वाटतं. नवा इंटर्न फिट आली असं समजून फिटच्या इंजेक्शनच्या तयारीला लागतो. सिस्टर ट्रीटमेंट शीट उलटतात आणि विचारतात, "हिला मेटोक्लोप्रमाइड गेलंय ना?" मग प्रोमेथाझिन दिलं जातं, थोड्या वेळात मान सरळ होते आणि आईच्या जिवात जीव येतो.

केसपेपरवर काय उरतं? इंजेक्शन प्रोमेथाझिन दिलं, वेळ, सही. कोणत्या औषधानं काय झालं, याचा पत्ता नाही. सकाळी ड्युटी बदलताना, ओव्हर देताना 'अठरा नंबरला काल रिॲक्शन आली होती' एवढं तोंडी सांगितलं जातं. दोन दिवसांनी मुलगी घरी जाते, डिस्चार्ज कार्डवर त्यातलं काहीच नसतं. पुढच्या वेळी उलट्या झाल्या की गावातला डॉक्टर तेच इंजेक्शन काढणार आणि त्याला दोष देता येणार नाही.

तरुण मुलींमध्ये आणि लहान मुलांमध्ये या औषधानं असं होऊ शकतं, हे पाठ्यपुस्तकात आहे. कुठल्याही मोठ्या रुग्णालयातल्या जुन्या सिस्टरांना विचारा, त्यांनी हे पाहिलेलं असतं. माहिती असते आणि तरी नोंद होत नाही. भारतात डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट यांच्यात या विषयावर सर्वेक्षणं बरीच झाली आहेत आणि बहुतेकांचा सूर सारखाच निघतो: नोंद करायला हवी असं जवळजवळ सगळे म्हणतात, प्रत्यक्षात फॉर्म भरलेले थोडेच असतात.

नोंद नेमकी कशाची?

आपल्याकडे औषध 'गरम पडतं', 'सोसत नाही', 'अंगावर उठतं'. रुग्णालयात त्याला एडीआर, म्हणजे ॲडव्हर्स ड्रग रिॲक्शन म्हणतात. औषध योग्य कारणासाठी, नेहमीच्या मात्रेत दिलं आणि तरीही शरीरानं नको ती, अपायकारक प्रतिक्रिया दिली, तर तो एडीआर. चुकून दहापट डोस गेला, एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला दिलं, कुणी मुद्दाम मूठभर गोळ्या घेतल्या, हे वेगळं. हा फरक आधी डोक्यात बसायला हवा, कारण बरेच जण एडीआरची नोंद म्हणजे चुकीची कबुली समजतात. एडीआरमध्ये चूक कुणाचीच नसू शकते. डॉक्टरांनी बरोबर लिहिलं, सिस्टरांनी बरोबर दिलं, कंपनीनं बरोबर बनवलं, तरी एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात.

काही प्रतिक्रिया औषधाच्या गुणातूनच येतात. मधुमेहाच्या औषधानं साखर प्रमाणाबाहेर उतरते, रक्त पातळ करणाऱ्या गोळीनं हिरड्यांतून रक्त येतं. डोस कमी केला की त्या बहुधा आटोक्यात येतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रतिक्रिया औषधाच्या कामाशी संबंध नसलेल्या, अचानक आलेल्या असतात. फिटवरच्या कार्बामाझेपिननं क्वचित एखाद्याची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते, तोंडात आणि डोळ्यांत जखमा होतात. अशी प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते.

या दोन्हींपेक्षा सहज निसटणारी गोष्ट म्हणजे साधा, रेंगाळणारा त्रास. रक्तदाबासाठी एनालाप्रिल सुरू होतं, काही आठवड्यांनी कोरडा खोकला लागतो. रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो, खोकल्याचं औषध मिळतं, मग अँटिबायोटिक, मग छातीचा एक्स-रे. ॲम्लोडिपिननं घोटे सुजतात आणि सूज उतरावी म्हणून लघवी जास्त होण्याची गोळी दिली जाते. त्या गोळीनं पोटॅशियम उतरतं, मग पोटॅशियमचं सिरप. एका गोळीच्या मागे चार गोळ्या लागतात आणि मूळ गोळीवर कुणाचाच संशय जात नाही. आजोबांच्या औषधांच्या डब्यात अकरा प्रकार दिसले, की त्यातला एखादा दुसऱ्याचा त्रास निस्तरायला आलेला असू शकतो.

औषध तपासूनच बाजारात येतं ना?

येतं. पण त्या तपासणीची मर्यादा आकड्यांतच आहे. समजा एक नवं औषध 3,000 लोकांवर तपासलं आणि त्याचा एक गंभीर दुष्परिणाम 10,000 जणांत एकाला होतो. हिशेब मांडला तर चाचणीत असा एकही रुग्ण न सापडण्याची शक्यता सुमारे 74 टक्के येते. म्हणजे चाचणी प्रामाणिकपणे पार पाडूनही चारातून तीनदा तो दुष्परिणाम दिसणारच नाही. उद्या तेच औषध एक कोटी लोकांनी घेतलं, की तो हजार जणांना होईल.

शिवाय चाचणीतली माणसं निवडून घेतलेली असतात. गरोदर बायका सहसा नसतात, ऐंशीच्या पुढचे फारसे नसतात. मूत्रपिंड अर्धं निकामी, सोबत टीबीची औषधं चालू, त्यात घरचा काढा आणि शेजारणीनं दिलेली गुडघेदुखीची पुडी, असा आपल्या ओपीडीतला रोजचा रुग्ण चाचणीत भेटत नाही. औषधाची खरी परीक्षा बाजारात आल्यावर सुरू होते, आणि तिचा निकाल वॉर्डातून वर कळवला गेला नाही तर तो कुणालाच कळत नाही.

थॅलिडोमाइडचं उदाहरण यासाठी पुन्हा सांगावंसं वाटतं. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध आलं, सुरक्षित म्हणून गाजलं आणि गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं जाऊ लागलं. जगभरात दहा हजारांच्या आसपास मुलं हातपाय खुंटलेली किंवा इतर व्यंगं घेऊन जन्मली. जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी 1961 मध्ये धोक्याची सूचना दिली. मॅकब्राइड यांचं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातलं पत्र जेमतेम काही ओळींचं आहे. त्यात निर्णायक पुरावा नाही. असं असं दिसतंय, तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का, असा सवाल आहे. त्यांच्याच रुग्णालयातल्या एका नर्सला हा संबंध त्यांच्या आधी जाणवला होता, असंही सांगितलं जातं. या धक्क्यानंतर ब्रिटननं 1964 मध्ये डॉक्टरांसाठी दुष्परिणाम कळवायचं 'यलो कार्ड' सुरू केलं आणि 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशोदेशींच्या नोंदी एकत्र करायला सुरुवात केली.

आपल्याकडची व्यवस्था

भारत या जागतिक कार्यक्रमात 1998 मध्ये सामील झाला. सध्याची व्यवस्था म्हणजे 'फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया', औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा कार्यक्रम. ती 2010 मध्ये सुरू झाली आणि 2011 पासून तिचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि अनेक रुग्णालयांत एडीआर मॉनिटरिंग सेंटर आहेत, बहुतेक ठिकाणी फार्माकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्र विभागात. वॉर्डातला फॉर्म तिथे जातो, तिथे त्याची छाननी होते, तिथून गाझियाबादला आणि पुढे स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक साठ्यात. त्या साठ्यात आज तीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

एका फॉर्मनं काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण तीच तक्रार वेगवेगळ्या गावांतून, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांकडून यायला लागली, आणि इतर औषधांच्या मानानं याच औषधाबाबत जास्त यायला लागली, की तज्ज्ञांची समिती ते तपासायला घेते. मेफेनॅमिक ॲसिड घ्या. पाळीच्या दुखण्यासाठी घरोघरी असणारी गोळी, पोरी मैत्रिणीच्या पर्समधून मागून घेतात. आलेल्या नोंदी तपासल्यावर नोव्हेंबर 2023 च्या अखेरीला फार्माकोपिया कमिशननं या औषधाबाबत सावधगिरीची सूचना काढली: क्वचित 'ड्रेस' नावाची गंभीर प्रतिक्रिया दिसते. यात ताप येतो, अंगभर पुरळ उठतं, गाठी सुजतात, रक्तातल्या एका प्रकारच्या पेशी वाढतात आणि यकृतासारख्या अवयवांना इजा होते. गंमत म्हणजे हे गोळी घेतल्या घेतल्या होत नाही, बहुधा दोन ते आठ आठवड्यांनी होतं. तोवर गोळी विसरलेली असते, डॉक्टर डेंगी शोधत असतात. गोळीवर बंदी आली नाही, येण्याचं कारणही नव्हतं. ताप आणि पुरळ दिसलं तर 'मागच्या दोन महिन्यांत काय काय घेतलंस' हा प्रश्न विचारण्याचं कारण मात्र मिळालं.

मग लिहीत का नाहीत?

2006 मध्ये 12 देशांतल्या 37 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात न कळवलेल्या प्रतिक्रियांच्या प्रमाणाचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, 94 टक्के निघाला. म्हणजे शंभरातल्या पाच-सहाच कागदावर येतात. हे फक्त आपलंच दुखणं नाही. ब्रिटनच्या यलो कार्ड योजनेची धुरा वाहिलेले बिल इनमन यांनी न कळवण्यामागच्या वृत्तींना 'सात महापापं' म्हटलं होतं: गाफीलपणा, खटल्याची भीती, अपराधीपणा, स्वतःच माहिती जमवून पेपर छापण्याची हाव, अज्ञान, संकोच आणि आळस. यादी चपखल आहे, पण आपल्या वॉर्डात पापांपेक्षा समजुतींचा भाग मोठा दिसतो.

पहिली समजूत: खात्री झाल्याशिवाय कळवायचं नाही. फॉर्मच्या नावातच 'संशयित' आहे, तरी रेसिडेंट, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणतो, 'मॅडम, औषधानंच झालं कशावरून?' हे ठरवणं त्याचं काम नाही. त्यासाठी सेंटरमध्ये माणसं आहेत, ठरलेल्या कसोट्या आहेत. त्रास औषधानंतर सुरू झाला का, औषध थांबवल्यावर उतरला का, आजारानं तो होऊ शकतो का, सोबत दुसरं काय चालू होतं, हे पाहून ते 'निश्चित', 'बहुधा', 'शक्य', 'संभव कमी' अशी प्रतवारी लावतात. 'शक्य' या खान्यात पडलेली नोंदही वाया जात नाही. खात्री करण्यासाठी तेच औषध मुद्दाम पुन्हा देऊन पाहणं तर वॉर्डात कुणी करूच नये.

दुसरी: हे तर माहीतच आहे, त्यात काय कळवायचं? नव्या औषधांबाबत सगळंच कळवायचं असतं आणि जुन्यांबाबतही गंभीर, अनोखं किंवा नेहमीपेक्षा जास्त दिसू लागलेलं. 'गंभीर' म्हणजे मृत्यू, जिवाला धोका, त्यामुळे भरती व्हावं लागणं किंवा मुक्काम लांबणं, अपंगत्व, बाळात जन्मतः व्यंग. पण वॉर्डातल्या माणसानं या यादीचा फार काथ्याकूट करू नये, असं मला वाटतं. कळवावं की नाही अशा विचारात पडलात, तर कळवा. नको असलेला फॉर्म बाजूला ठेवायला सेंटरला वेळ लागत नाही.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात चिवट: हे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे. सोसायटीची वीज गेली की प्रत्येकाला वाटतं, महावितरणला शेजाऱ्यानं फोन केला असेल; तासाभरानं कळतं, कुणीच केला नाही. वॉर्डात सिस्टरांना वाटतं डॉक्टर लिहितील, मोठ्या डॉक्टरांना वाटतं रेसिडेंट लिहील, रेसिडेंटला वाटतं फार्माकॉलॉजीवाले येऊन बघतील. नियम मात्र मोकळा आहे. डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स, फार्मासिस्ट, कुणीही थेट कळवू शकतं. सिस्टरांना त्यासाठी डॉक्टरांची सही लागत नाही.

माझा भर सिस्टरांवर आहे, कारण औषध त्यांच्या हातून जातं. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकची सलाईन फार भराभर गेली की चेहरा आणि मान लाल होते, खाज सुटते. हे राउंडला आलेल्या डॉक्टरांना दिसत नाही, ड्रिप लावणारीला दिसतं. रात्री दोनला कोण खाजवतंय, कुणाची लघवी कमी झाली, कोण कालपासून बरळतंय, हे तिला किंवा मावशींना माहीत असतं. मावशी फॉर्म भरणार नाहीत, पण 'त्या आजी गोळी घेतल्यावर झिंगल्यासारख्या चालतात' हे त्यांचं वाक्य कानाआड करू नये.

भीतीचं काय? फॉर्मवरच छापलेलं आहे की माहिती गोपनीय राहते आणि नोंद केली म्हणजे कर्मचाऱ्यानं, कंपनीनं किंवा औषधानं अपाय केला असं मान्य केल्याचं ठरत नाही. कागदावर हे ठीक आहे. पण ज्या वॉर्डात फॉर्म भरणारीला 'कशाला नसती कटकट' असं ऐकवलं जातं, तिथे छापील वाक्याचा काय उपयोग? एका खासगी रुग्णालयात मी पाहिलंय, रुग्णालयांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या एनएबीएचच्या तपासणीआधी सगळ्या पेशंटच्या अंगावर एकाएकी पुरळ उठायला लागतं. फाइल भरते, तपासणी होते, पुरळ ओसरतं. अशा नोंदींपेक्षा वर्षभरात आलेले दहा खरे फॉर्म बरे.

सुधारणा कशानं होते, याचा अंदाज आहे. एका तासाचं भाषण झालं की महिनाभर फॉर्म वाढतात आणि पुन्हा जैसे थे. फॉर्म इन्चार्ज सिस्टरांच्या टेबलावर असणं, सेंटरमधल्या माणसानं आठवड्यातून दोनदा वॉर्डात चक्कर मारणं आणि कळवणाऱ्याला 'तुमच्या नोंदीचं असं झालं' हे सांगणं, यानं जास्त फरक पडतो. शेवटची गोष्ट सर्रास राहून जाते. लिहिलेलं कुठल्या विहिरीत पडलं हेच कळलं नाही, तर दुसऱ्यांदा कोण लिहिणार?

फॉर्ममध्ये काय लागतं?

रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं, वय, काय झालं, कधी सुरू झालं, संशय कोणत्या औषधावर आणि कळवणारा कोण. एवढं असलं की नोंद ग्राह्य. बाकीचे रकाने जमतील तसे. सुरुवातीच्या मुलीचं उदाहरण घेतलं तर: 'क. प., 19, स्त्री. मेटोक्लोप्रमाइड 10 मिलिग्रॅम शिरेतून, संध्याकाळी 6 वाजता. रात्री 11 वाजता मान वळून ताठ, डोळे वर, शुद्ध कायम. प्रोमेथाझिननंतर पूर्ण आराम.' पाच मिनिटांचं काम. सोबतच्या औषधांच्या रकान्यात स्वतःहून घेतलेली आणि जडीबुटीची औषधंही लिहायची असतात; 'आणखी काही घेता का' असं विचारलं की लोक नाही म्हणतात, 'काढा, चूर्ण, कुणी दिलेली पुडी?' असं विचारलं की हो म्हणतात.

बॅच नंबर बहुतेक वेळा कोरा राहतो. तो का लागतो, हे मुंबईनं भोगलंय. 1986 च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं, मूत्रपिंडं निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं मग रुग्णालयाची खरेदी आणि औषध प्रशासन दोन्हींची लक्तरं बाहेर काढली. 2025 मध्ये तेच विष कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपमध्ये निघालं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात वीसहून अधिक मुलं गेली. त्यातल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. इथे दोष औषधाच्या गुणाचा नव्हता, भेसळीचा होता, आणि तो ठरावीक बाटल्यांत होता. बेडजवळच्या माणसाला हा फरक कळणं शक्य नसतं. त्याला एवढंच दिसतं की एकच औषध घेतलेल्यांची लघवी बंद पडतेय. बाटली जपून ठेवली आणि बॅच लिहिली, तर पुढचा शोध लागतो. बाटली कचऱ्यात गेली तर लागत नाही.

रुग्ण आणि घरचेही कळवू शकतात. त्यांच्यासाठी वेगळा, सोपा फॉर्म आहे आणि तो मराठीतही आहे. 1800-180-3024 हा टोल-फ्री नंबर कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत चालतो. त्रास सुरू असेल तर अर्थातच आधी डॉक्टर, नंतर फोन. मनानं औषध बंद करू नका; फिट, हृदय किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम थांबवणं कधीकधी रिॲक्शनपेक्षा महागात पडतं. डिस्चार्ज घेताना 'या औषधाची रिॲक्शन आली होती' हे कार्डवर लिहून मागा आणि तिथे कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, कारण तेच औषध पन्नास नावांनी विकलं जातं. त्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. हेल्पलाइनला फोन करताना गोळ्यांची पट्टी हाताशी असू द्या. ती फेकली गेली असेल, तर मेडिकलवाल्यानं दिलेल्या बिलावर औषधाच्या नावापुढे बॅच नंबर छापलेला असतो.